चार इंच पाच सूत

लोडशेडिंगचं वेळापत्रक आवडीने वाचणारी कोंढ्यात मी एकटीच होते. एक आठवडा दिवसा लाइट जायची, एक आठवडा संध्याकाळी. संध्याकाळचा आठवडा लागला की सारं गाव वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडायचं आणि मी मनातल्या मनात खूष व्हायचे. सात वाजता गावातले बल्ब एकदम विझायचे आणि आमच्या स्लॅबवरून आकाश असं दिसायचं, की पोत्याचं तोंड सुटून मुरमुरे सांडावेत.

गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा मी शाळेत होते. ही गोष्ट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घडली. मी भंडाऱ्याहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि पवनीच्या एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा गवंडीकाम करायचे, त्यामुळे कॉलेजच्या पायऱ्या त्यांनी बांधल्या मात्र पुष्कळ होत्या. बाबांनी बांधल्या आणि मी चढले, हे मी आजही कोणालाही सांगते, आणि सांगताना आवाज जरासुद्धा खाली करत नाही.

थंडीत आमच्या ओट्यासमोर शेकोटी पेटायची. आजूबाजूचे चार लोक यायचे. त्यात शेजारचे काका रोजचेच. ते जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. तिथे क्वार्टरमध्ये आयुष्य काढून गावात परतले होते, म्हणून त्यांना सगळे फॅक्टरीवाले काका म्हणायचे. मशीन म्हटलं की त्यांचा शब्द शेवटचा. गावात कोणाचा पंप बिघडो की पंखा, काका आधी म्हणायचे, ‘आमच्याकडे असं नव्हतं.’

त्या रात्री जेवणाआधी आम्ही शेकत बसलो होतो आणि समोर पूर्वेकडून नांगर वर आला होता. पुस्तकात त्याला मृग नक्षत्र म्हणतात. आमच्याकडे तीन ताऱ्यांची सरळ ओळ आणि तिच्याखाली लोंबणारे बारीक तारे मिळून नांगर होतो. मी सहज बोलून गेले की खालच्या बारीक ताऱ्यांमधला मधला तारा नुसता तारा नाही, तो वायूचा आणि धुळीचा मोठा ढग आहे, त्याला तेजोमेघ म्हणतात, आणि त्यात नवे तारे तयार होतात.

काकांनी मान वर करून पाहिलं, डोळे बारीक केले, आणि सांगितलं की त्यांना काही ढगबिग दिसत नाही. मी म्हटलं, डोळ्यांना तो पुसट दिसतो, कॅमेऱ्याने फोटो काढला तर नीट दिसेल. त्यावर ते हसले. असे फोटो अमेरिकेतून निघतात, त्याला डोंगराएवढी दुर्बीण लागते, कोंढ्यातून फक्त लग्नाचे फोटो निघतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाकीचेही हसले. मीही हसण्यावारी नेलं असतं. पण बाबा मध्येच बोलले.

“माही पोरगी फिजिक्सवाली हाये. ते म्हणते ढग हाय, त हाय. फोटो निघन.”

“आन नाही निघाला त?” काका म्हणाले.

“नाही निघाला त उद्यापासून मले मिस्त्री म्हणू नका.”

बाहेरच्या माणसाला हे साधं वाटेल, पण बाबांना त्यांच्या नावाने हाक मारणारं कोंढ्यात कोणी उरलंच नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे, आईसुद्धा. ते नाव त्यांनी वडिलांकडून घेतलेलं नव्हतं. त्यांचे वडील दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखलणी करायचे. हे नाव त्यांनी थापीने कमावलं होतं, आणि मी न मागता त्यांनी ते माझ्यासाठी पणाला लावून टाकलं.

आता फोटो काढणं भागच होतं.

कॅमेऱ्याचा प्रश्न पौषाने सोडवला. पवनीला माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्याकडे मोठ्या लेन्सचा चांगला डिजिटल कॅमेरा होता, आणि पौषात लग्नं नसतात म्हणून तो कपाटात पडून होता. आम्हा बौद्धांना पौष आडवा येत नाही, पण एक-दोन लग्नांसाठी स्टुडिओ चालत नसतो. मैत्रिणीने नवऱ्याला पटवलं. पौषाच्या अमावास्येपर्यंत कॅमेरा माझा, अमावास्येला परत, कारण माघ लागला की लग्नं. पौषाचा शेवट म्हणजे अंधारा पंधरवडा, संध्याकाळी चंद्र नाही. त्यात लोडशेडिंगचा आठवडाही संध्याकाळचा. इतकं सगळं माझ्या बाजूने जुळून आलं होतं, की फोटो निघाला नाही तर दोष माझ्याच डोक्यावर येणार होता.

राहिली अडचण पृथ्वीची. ती फिरत राहते, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा तीस सेकंद उघडा ठेवला की ताऱ्याचा ठिपका न उमटता रेघ उमटते. मोठ्या दुर्बिणींना मोटार असते, ती ताऱ्यांबरोबर दुर्बीण फिरवते. मी दोन फळ्या घेतल्या, एका टोकाला दाराची बिजागरी ठोकली, आणि बिजागरीपासून मोजून तेवीस सेंटिमीटरला एक मिलिमीटर आट्यांचा लांब बोल्ट बसवला. खालची फळी पक्की, वरच्या फळीवर कॅमेरा. घड्याळात बघत बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवला की वरची फळी ताऱ्यांच्या चालीने उघडत जाते. मोटारीच्या जागी माझी बोटं. यात अट एकच, बिजागरीची रेष ध्रुवाकडे रोखलेली पाहिजे, कारण सगळं आकाश ध्रुवाभोवती फिरतं. ध्रुव आमच्या गावातून क्षितिजावर सुमारे एकवीस अंश दिसतो, म्हणजे खालची फळी उत्तरेकडे तितकी चढती हवी.

कॅमेरा यायच्या आदल्या संध्याकाळी मी स्लॅबवर विटा रचून फळी तशी तिरपी केली. बिजागरीला बॉलपेनची रिकामी नळी बांधली, नळीतून ध्रुव दिसेपर्यंत विटा सरकवल्या, मग नळी काढून घेतली आणि फळीवर पोतं टाकून खाली आले. जेवताना बाबांना सांगितलं की वर माझं यंत्र ठेवलं आहे, कोणी हात लावू नये, हललं की बिघडेल.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन पवनीहून शेवटच्या बसने आले. वर गेले तर विटांच्या भोवती सिमेंट लावलेलं, कडेने थापी फिरवून गुळगुळीत केलेलं. मी फळी दोन्ही हातांनी हलवून पाहिली, इंचभरही हलेना. बाबांनी पक्कं करून दिलं म्हणून मला इतका आनंद झाला, की मी खाली जाऊन आईला सांगितलं, आपल्या घरात वेधशाळा झाली. अंधार होता, टॉर्च मी मुद्दाम विझवून ठेवला होता, आणि वरची फळी उघडी असल्यामुळे सगळं काही तिरपंच वाटत होतं.

पहिल्या संध्याकाळी चाळीस फोटो काढले. बोल्ट फिरवून अंगठ्याला फोड आला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मोठं करून पाहिलं तर सगळे तारे लांबट, साळीच्या दाण्यांसारखे. नांगराखाली कुठेतरी दाण्यांच्याच मापाचा एक गुलाबी डाग फासलेला. रेघ म्हणावी तर बरीच छोटी होती आणि ठिपका म्हणावा तर लांब. मला वाटलं, फेरा फिरवण्यात माझा हात चुकतो आहे.

दुसऱ्या संध्याकाळी आईला घड्याळ घेऊन बसवलं. ती ‘पंधरा’ म्हणाली की मी पाव फेरा फिरवायचा. दाणे तसेच. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या लॅबमधून व्हर्नियर आणून बोल्टचे आटे मोजले. आटे बरोबर होते. चौथ्या दिवशी वाऱ्याला दोष दिला आणि चारी बाजूंनी चादरी बांधल्या. पाचव्या दिवशी दाट धुकं पडलं, त्या दिवशी निदान दोष शोधायची गरज पडली नाही. बोल्ट, वारा, घड्याळ, अंगठा, आईचा आवाज, मी सगळ्यांवर संशय घेतला. ज्या गोष्टीवर हात ठेवून मी खूष झाले होते, तिच्यावर नाही.

खाली शेकोटीजवळ काकांना रोज नवी गोडी येत होती. बाबा आले की ते सरकून जागा द्यायचे आणि अगदी अदबीने विचारायचे, “या, या. आज काय म्हणाव तुमाले? मिस्त्रीच ना अजून?” बाबा हसून बसायचे. मला काही विचारायचे नाहीत. वर येऊन पाहायचेही नाहीत. एकदाच, मी ताटावर बसून नुसतीच भात चिवडत होते तेव्हा म्हणाले, की पोरी, पहिल्या थरात भिंत कोणाचीच दिसत नाही. मग पाणी पिऊन उठले.

रविवार उजाडला. सोमवारी अमावास्या, म्हणजे सोमवारी कॅमेरा परत. आमच्याकडे शेवटची एक संध्याकाळ उरली होती. त्यात शनिवारी रात्री आठवडा बदलून लोडशेडिंग दिवसाचं झालं होतं, आता संध्याकाळी सगळे बल्ब लागणार होते.

सकाळी दहाच्या सुमारास आईने वाळत घातलेल्या वड्या बघायला मी स्लॅबवर गेले. आईने पाखरांसाठी पाण्याचा गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, भरून ठेवला होता, आणि तो ठेवला होता माझ्या खालच्या फळीच्या मोकळ्या टोकावर. गंज तुडुंब भरलेला. पाणी चहूबाजूंनी काठाला सारखं टेकलेलं, एक थेंब कुठे सांडलेला नाही.

एकवीस अंशांच्या उतारावर गंज असा उभा राहत नसतो. मी खाली वाकून फळीच्या कडेने नजर टाकली. फळी सपाट होती. जमिनीशी इतकी समांतर, की तिच्यावर कॅरम खेळता आला असता.

मी तिथेच वड्यांजवळ बसून राहिले. काय झालं असेल ते सांगायला कोणाची गरज नव्हती. आमच्या घरी भिंतीवरचं कॅलेंडर जरा उतरलं तरी बाबा जेवता जेवता उठून ते सरळ करतात. मुलीचं यंत्र वाकड्या विटांवर पाहून ते तसंच टाकून कामाला गेले असते, तर ते बाबा नव्हेत.

आता माझी पंचाईत अशी, की फोटो निघाला नाही तर बाबांचं मिस्त्रीपण जातं, आणि का निघत नाही ते सांगावं तर धक्का पुन्हा मिस्त्रीपणालाच. न सांगता गुपचूप दुरुस्त करावं असंही मनात आलं. पण त्यांनी लावलेलं सिमेंट माझ्या हाताने फुटणार नव्हतं. ते पक्कं काम होतं.

बाबा खाली सायकलची साखळी साफ करत होते. मी जाऊन समोर बसले आणि विचारलं, स्लॅबवरच्या फळीला सिमेंट त्यांनी लावलं का.

“त मंग कोण लावन? पार वाकडी ठेवली होती तू. लेव्हल लावून बसवली. दोरी लावली तरी फरक नाही निघन.”

ते साखळी पुसत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणारं काहीतरी होतं. पण खोटं बोलायची मला सवय नाही, ती त्यांनीच लावलेली नाही. मी सांगून टाकलं, “बाबा, ते वाकडंच पाहिजे होतं.”

त्यांचा हात थांबला. मी घाईघाईने ध्रुव, बिजागरी, पृथ्वीचा आस सगळं सांगू लागले. मध्येच मला वाटलं, मी वर्गात शिकवतात तसं बोलते आहे, आणि मी गप्प झाले. पाच दिवस काका कोणामुळे हसत होते, तो हिशेब बाबांनी लावला असणार. मग त्यांनी फडक्याला हात पुसले.

“वाकडं म्हणजे किती वाकडं?”

“एकवीस अंश.”

“अंशबिंश मले नको सांगू. फुटाले किती?”

गवंडी उतार फुटाला इतके इंच असा मोजतात, हे मला ठाऊक होतं. न्हाणीघराला फुटाला पाव इंच, स्लॅबला त्याहून कमी. मी आत जाऊन वहीत मांडलं. एकवीस अंशांचा टॅन घेतला, बाराने गुणलं, उरलेल्या अपूर्णांकाला आठाने गुणून सूत काढले, कारण इंचाचे आठ सूत. कॉलेजमध्ये तीन वर्षं टॅन काढले, त्याचं उत्तर सुतात द्यायची वेळ पहिल्यांदाच आली.

“चार इंच पाच सूत,” मी बाहेर येऊन सांगितलं.

“चार इंच!” बाबा उठले. “हे उतार हाये का घसरगुंडी?”

पण ते हसत होते. छिन्नी-हातोडी घेऊन ते वर गेले. स्वतःचंच सिमेंट फोडताना मात्र हसले नाहीत. पहिला घाव घालण्याआधी क्षणभर त्यांनी त्या गुळगुळीत कडेवरून अंगठा फिरवला.

दुपारी त्यांनी विटा पुन्हा रचल्या. फूटपट्टी, काटकोनाचा गुण्या, सूत. उत्तरेच्या टोकाला फुटामागे चार इंच पाच सूत उचलून खाली सिमेंटचा मसाला भरला, पण दिशा पक्की करायची म्हणून तो ओला ठेवला. दिवेलागणीला ध्रुव दिसू लागला तेव्हा नळीचं काम त्यांनी मला करूच दिलं नाही. दोन ओळंबे टांगले, एक स्लॅबच्या कठड्याजवळ, एक मागे हातभर अंतरावर. एक डोळा मिटून दोन्ही दोऱ्या आणि ध्रुव एका रेषेत आणले, आणि त्या रेषेवर फळी ठेवून थापीच्या दांड्याने हलकेच ठोकली. नंतर मी नळी लावून पाहिलं. ध्रुव नळीच्या मधोमध होता. माझ्या पद्धतीत तो कडेला आला होता, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

राहिले बल्ब. आमचा आम्ही विझवला. सगळ्यात मोठा काकांच्या अंगणातला, फॅक्टरीच्या गेटवर असतो तसला. बाबा तो बंद करायला सांगायला गेले. काकांनी म्हणे आधी विचारलं, की आज कोणत्या नात्याने सांगून राहिले, मिस्त्री म्हणून का नुसते शेजारी म्हणून. बाबा म्हणाले, शेजारी म्हणून. बल्ब विझला.

आठ वाजता मी पहिला फोटो काढला. तीस सेकंद, अर्धा फेरा. काचेवर मोठं करून पाहिलं. तारे टाचणीच्या टोकाएवढे, गोल. आई ‘पंधरा’ म्हणायचं विसरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला पुन्हा मोजायला सांगितलं, आणि मेमरी कार्ड भरेपर्यंत थांबले नाही.

सोमवारी कॉलेजमध्ये लॅबच्या कॉम्प्युटरवर सगळे फोटो एकावर एक रचले. त्याचं फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं. एकेका फोटोत जे पुसट असतं ते रचल्यावर ठळक होत जातं. संगणक जुना होता, दुपारची सुट्टी संपली तरी घरघरत होता. मग चित्र उमटलं. काळ्या आकाशात फिकट गुलाबी, मधे पांढुरका, कडेला जरा निळसर, दोन्ही बाजूंना पंखांसारखी टोकं निघालेला ढग. कॅमेरा परत द्यायला स्टुडिओत गेले तेव्हा मैत्रिणीच्या नवऱ्याने तो मोठ्या कागदावर छापून दिला. लग्नाच्या अल्बमचा चकचकीत कागद होता.

त्या रात्री शेकोटीजवळ मी तो बाबांच्या हातात दिला आणि बाजूला बसले. बाबांनी तो विस्तवाच्या उजेडात धरून पाहिला आणि काकांकडे दिला. काकांनी खिशातून चष्मा काढला. फोटो जवळ नेला, लांब नेला, उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

“हा त शिंगाडा हाये,” ते म्हणाले.

खरंच तसाच होता. दोन शिंगं, गुलाबी साल. मग त्यांनी मान वर करून नांगराकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं, फोटोतले आजूबाजूचे तारे बोटाने मोजून आकाशातल्यांशी ताडून घेतले, आणि फोटो शेजारच्याच्या हातात देत कबूल केलं, की आहे बाप्पा, इथलाच आहे.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण बाबांनी घसा खाकरला.

“पाच दिवस काहून नाही निघाला, ते माहीत हाये का तुमाले? मी बिघडवला. पोरीने नेमकं बसवलं होतं, मी जाऊन लेव्हल केलं. माहीच चूक.”

कोणी विचारलं नव्हतं. न सांगता कोणाला कधी कळलंही नसतं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते मजेत होते. दोन हातांनी हवेत उतार दाखवत त्यांनी चार इंच पाच सूत समजावून सांगितले, ओळंब्यांची युक्ती सांगितली, ध्रुव कसा दोरीवर घेतला ते बसल्या जागेवरून एक डोळा मिटून करून दाखवलं. नव्या ताऱ्यांचा जन्म वगैरे माझ्याजवळ बोलायला पुष्कळ होतं, पण मला कोणी विचारेचना. एकाने शंका काढली, की एवढा उतार दिला तर पावसाचं पाणी कठड्याशी नाही का साचणार. काका म्हणाले, आमच्याकडे क्रेनला असा उतार असायचा. वाद भाताची वेळ टळून गेली तरी मिटला नाही, आणि आईने दोनदा आतून हाक मारली.

पुढच्या महिन्यात बाबा एकोडीला एका घराच्या कामावर गेले. आठवड्याने परतले तेव्हा हातपाय धुण्याआधी मला विचारलं, की एकोडी जरा उत्तरेला पडते, तर तिथे ध्रुवाचा उतार किती येईल. मी वही घेऊन काढला. कोंढ्यापेक्षा जास्त, पण तो फरक अर्ध्या सुताहूनही थोडा कमी. ते म्हणाले, त्यांनी तिथे रात्री ओळंबा लावून पाहिला होता, त्यांना काही फरक दिसला नाही. मी म्हटलं, एवढा फरक ओळंब्यावर दिसत नसतो, बाबा.

“दिसन,” ते म्हणाले. “दोरी बारीक घ्या लागन.”